डिफॉल्ट कोड मॉडेल ठरवताना मांडलेला पत्त्यांचा हिशेब

आमचा कंपायलर एलएलव्हीएम या कंपायलर बांधण्याच्या सामग्रीवर उभा आहे आणि चार ६४ बिट प्रोसेसरांसाठी कोड काढतो: एक्स८६-६४, एआर्च६४, रिस्क-फाइव्ह आणि पॉवरपीसी. वापरणाऱ्याने एमसीमॉडेल हा कोड मॉडेल निवडण्याचा पर्याय दिला तर तो घ्यायचा, नाही दिला तर सगळीकडे ‘स्मॉल’ हे मॉडेल, असा सरसकट नियम बरेच दिवस चालू होता. लिनक्सवर साधे प्रोग्राम बांधणाऱ्यांना त्याचा कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो बोर्डवर थेट चालणारा कोड, कर्नल आणि जिट (प्रोग्राम चालू असतानाच कोड काढणारा कंपायलर) या तीन ठिकाणी. लक्षणं तिन्हीकडे वेगळी होती: एकीकडे लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) अडायचा, दुसरीकडे बायनरी बांधली जायची पण सुरू होताच पडायची, तिसरीकडे दहातल्या नऊ वेळा सगळं ठीक चालायचं. म्हणून प्रत्येक टार्गेटचं डिफॉल्ट नव्याने ठरवायला घेतलं. त्यात काय पाहिलं, काय चुकलं आणि का, ते इथे लिहितो आहोत.

आधी मूळ गोष्ट. फंक्शनचा किंवा ग्लोबल व्हेरिएबलचा पत्ता ६४ बिटांचा असतो, पण एका इन्स्ट्रक्शनमध्ये सहसा तेवढी जागा नसते. मग कंपायलर गृहीत धरतो की हा पत्ता अमुक हद्दीतच असणार, आणि तेवढ्यावर भागणारा आखूड कोड काढतो. हे गृहीतक म्हणजे कोड मॉडेल. पत्ते प्रत्यक्षात देणारा मात्र कंपायलर नसतो. ते काम लिंकरचं, लोडरचं, कर्नलचं किंवा जिटच्या मेमरी मॅनेजरचं. थोडक्यात, दुसऱ्याच्या भरवशावर दिलेला हा शब्द आहे. त्यामुळे डिफॉल्ट ठरवताना आम्ही पहिला प्रश्न ‘कुठलं मॉडेल वेगवान?’ असा न विचारता ‘या टार्गेटवर पत्ते कोण वाटतो आणि कुठून वाटतो?’ असा विचारला.

हा प्रश्न फक्त सिम्बॉलच्या, म्हणजे लिंकर ज्यांना जागा देतो त्या फंक्शन आणि स्टॅटिक डेटाच्या, पत्त्यांपुरता आहे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मनात पक्कं करावं. मॅलॉकने १०० जीबी मेमरी घेतली तरी कोड मॉडेलचा काही संबंध नाही, कारण तो पॉइंटर रनटाइमला पूर्ण ६४ बिटांतच येतो. यूआर्ट या सिरीयल पोर्टचा रजिस्टर पत्ता कोडमध्ये आकड्याने लिहिला असेल तर तोही मॉडेलच्या बाहेर. कंपायलर तो आकडा हव्या तेवढ्या इन्स्ट्रक्शनमध्ये भरतो. अडचण येते ती स्टॅटिक अ‍ॅरे, फंक्शन, स्ट्रिंग कॉन्स्टंट यांच्या बाबतीत. ‘माझा प्रोग्राम खूप मेमरी खातो, लार्ज, म्हणजे पत्त्यांना हद्दच न मानणारं मॉडेल, लावू का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असतं ते याचमुळे.

दुसरी सावधगिरी नावांची. ‘मीडियम’ हे नाव तीन टार्गेटांवर तीन वेगळे अर्थ घेऊन येतं. एक्स८६-६४ वर मीडियम म्हणजे कोड जवळ, लहान डेटा जवळ, पण मोठा डेटा कुठेही. रिस्क-फाइव्हवर एलएलव्हीएमचं मीडियम म्हणजे तिथल्या एबीआयचं (बायनरी पातळीवरच्या करारांचं) मेडएनी: सगळं काही प्रोग्राम काउंटरपासून साधारण २ जीबी मागेपुढे. पॉवरपीसीवर मीडियम म्हणजे टीओसी या पत्त्यांच्या तक्त्याच्या आधार-रजिस्टरपासून ३२ बिटांचं अंतर. एका टार्गेटवर मीडियम चांगलं ठरलं म्हणून दुसऱ्यावर लावलं, तर नाव तेच राहून काम भलतंच होतं.

रिस्क-फाइव्हला सर्वात जास्त वेळ गेला, म्हणून तेच जवळून दाखवतो.

६४ बिट रिस्क-फाइव्हवर एलएलव्हीएमचं स्मॉल म्हणजे मेडलो. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचंही मूळ डिफॉल्ट तेच. यात पत्ता दोन इन्स्ट्रक्शनमध्ये बनतो: एलयूआय वरचे २० बिट भरते, एडीडीआय खालचे १२ चिन्हासकट मिळवते. एलयूआयचा निकाल ३२ व्या बिटावरून चिन्ह पुढे ओढत ६४ बिटांचा होतो. त्यामुळे मेडलोची पोच दोनच पट्ट्यांत आहे: शून्यापासून वर जवळपास २ जीबी, आणि पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाचे २ जीबी. आता क्यूईएमयू या एम्युलेटरचं ‘व्हर्ट’ मशीन घ्या. त्याची रॅम हेक्स ८००००००० ला सुरू होते, म्हणजे नेमकी २ जीबीवर. रिस्क-फाइव्हच्या इतर अनेक बोर्डांवरही रॅमची सुरुवात तिथेच आहे. तिथे ठेवलेल्या सिम्बॉलसाठी एलयूआयमध्ये हेक्स ८०००० भरलं, तर सर्वात वरचा बिट १ असल्याने चिन्ह पुढे ओढलं जातं आणि रजिस्टरमध्ये पत्ता येतो तो वरच्या टोकाचा: आठ वेळा एफ आणि मग ८०००००००. तिथे काहीही नाही.

लिंकर हे पकडतो. एलएलडी या एलएलव्हीएमच्या लिंकरचा संदेश सांगतो की एचआय२० रिलोकेशनची (लिंकरने भरायच्या वरच्या २० बिटांची) किंमत ५२४२८८ आहे आणि ती −५२४२८८ ते ५२४२८७ या हद्दीबाहेर आहे. हेक्स ८०००० म्हणजेच ५२४२८८. हद्दीहून नेमका एकाने जास्त असलेला हा आकडा एकदा ओळखीचा झाला की निदान पाच सेकंदांत होतं: रॅम २ जीबीवर, कोड मेडलोत. एडीडीआयचे १२ बिट चिन्हासकट असल्याने एलयूआयला आधी २०४८ मिळवून गोळाबेरीज करावी लागते. म्हणून २ जीबीच्या खालचे शेवटचे २०४८ बाइटसुद्धा मेडलोला गाठता येत नाहीत. हेक्स ७फफफफ७फफ असा दिसणारा पत्ता ही त्याची खरी वरची हद्द (इथे फ म्हणजे हेक्समधला एफ).

आणखी एक फसवी गोष्ट. ३२ बिट रिस्क-फाइव्हवर हाच कोड हेक्स ८००००००० ला सुखाने चालतो, कारण तिथे रजिस्टरच ३२ बिटांचं. ओढायला पुढे बिट नाहीत. ज्यांनी आधी ३२ बिटवर फर्मवेअर चालवून पाहिलं आणि मग ६४ बिटवर नेलं, ते आपल्या लिंकर स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसतात.

मेडएनीत एलयूआयच्या जागी एयूआयपीसी येते, म्हणजे पत्ता चालू इन्स्ट्रक्शनपासूनच्या अंतराने मोजला जातो. इन्स्ट्रक्शन तेवढ्याच, दोन. आकार तोच, आठ बाइट. लिंकर रिलॅक्सेशन (लिंकरने कोड आखूड करणं) चालू असेल तर जवळची कॉल आठ बाइटांवरून चारवर येते आणि ग्लोबल पॉइंटर या रजिस्टरमधल्या पत्त्याच्या २ केबी मागेपुढे असलेला डेटा एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये मिळतो. हे दोन्ही मॉडेलांत होतं. मग मेडलो ठेवून फायदा काय? थोडा आहे: मेडलोत एकच एलयूआय अनेक जवळच्या पत्त्यांना पुरवता येते आणि कंपायलरला ती लूपबाहेर काढणं सोपं जातं. पण ६४ बिटवर जिथे रॅमच २ जीबीवर आहे तिथे या फायद्याला अर्थ उरत नाही. लिनक्स कर्नल ६४ बिट रिस्क-फाइव्हसाठी मेडएनीच वापरतो, आणि रस्टनेही आपल्या ६४ बिट बेअर-मेटल रिस्क-फाइव्ह टार्गेटांच्या वर्णनात मीडियमच लिहून ठेवलं आहे. आम्हीही ६४ बिटला मेडएनी ठरवलं, ३२ बिटला मेडलो राहू दिलं.

मेडएनीत एक कोपरा सांभाळावा लागतो: वीक सिम्बॉल, म्हणजे व्याख्या नसली तरी चालणारं नाव. व्याख्याच न सापडलेल्या वीक सिम्बॉलचा पत्ता शून्य असतो, आणि कोड २ जीबीच्या वर असेल तर शून्य हा पत्ता एयूआयपीसीच्या पोचेबाहेर जातो. म्हणून बाहेरच्या वीक सिम्बॉलसाठी थेट अंतर न मोजता गॉट या पत्त्यांच्या तक्त्यातून पत्ता उचलायला हवा. ‘हे फंक्शन असेल तर बोलाव’ अशा तपासण्या फर्मवेअरमध्ये ठिकठिकाणी असतात, त्यामुळे हे दुर्लक्षून चालत नाही.

इतकं करूनही पहिली बांधणी पडली, त्याच एचआय२० च्या चुकीने. आमच्या ऑब्जेक्ट फाइल्स मेडएनीत होत्या, पण लिंक होणारी सी लायब्ररी टूलचेनबरोबर आधीच बांधून आलेली होती, आणि ती मेडलोत. संदेशात फाइलचं नाव नीट वाचलं तेव्हा ते आमच्या फाइलचं नव्हतं. यातून नियम ठरला: कंपायलरचं डिफॉल्ट बदलायचं तर त्याच्यासोबत जाणाऱ्या प्रत्येक आर्काइव्हचं डिफॉल्ट बदलायचं. सी लायब्ररी, कंपायलरची रनटाइम लायब्ररी, सुरुवातीच्या सीआरटी फाइल्स, सगळ्या. रिस्क-फाइव्हच्या जीएनयू टूलचेनला बांधणीच्या वेळी कोड मॉडेल सांगण्याचा पर्याय याचसाठी आहे. हाताने लिहिलेल्या असेंब्लीत एलयूआय असेल तर ती कुठल्याही पर्यायाने बदलत नाही. ती शोधून ‘एलए’ या छद्म-इन्स्ट्रक्शनने बदलावी लागते.

एक्स८६-६४ वर वापरकर्त्यांच्या प्रोग्रामसाठी स्मॉलच ठेवलं, आणि त्यात फार चर्चा नव्हती. रिप-सापेक्ष, म्हणजे चालू इन्स्ट्रक्शनपासून मोजलेला, पत्ता ३२ बिटांच्या अंतराने २ जीबी मागेपुढे पोचतो, आणि पीआयई बायनरी कुठेही लोड झाली तरी तिची आतली अंतरं बदलत नाहीत. लार्ज किती महाग पडतं ते बाइटांत पाहा. रिप-सापेक्ष एलईए सात बाइटांची. लार्जमध्ये ६४ बिट पत्ता थेट भरणारी मूव्हएबीएस दहा बाइटांची. साधी कॉल पाच बाइटांची. लार्जमध्ये दहा अधिक रजिस्टरमधून कॉलचे दोन, असे बारा, शिवाय एक रजिस्टर अडकतं आणि थेट कॉलची अप्रत्यक्ष कॉल होते. ‘सुरक्षित म्हणून लार्ज’ हे धोरण प्रत्येक कॉलवर कर लावतं, म्हणून ते आम्ही पूर्ण नाकारलं.

मोठ्या स्टॅटिक अ‍ॅरेंसाठी मीडियम आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा, जीसीसीत साधारण ६४ केबीपेक्षा, मोठा डेटा एलडेटा आणि एलबीएसएस या वेगळ्या सेक्शनांत जातो आणि लिंकर तो बाजूला, दूर ठेवतो. जवळच्या लहान डेटाला त्यामुळे धक्का लागत नाही. इथली नेहमीची चूक अशी: अ‍ॅरेची व्याख्या असलेली फाइल मीडियममध्ये बांधली, आणि तोच अ‍ॅरे एक्स्टर्न म्हणून वापरणारी फाइल स्मॉलमध्ये राहिली. मग दुसऱ्या फाइलच्या रिप-सापेक्ष पत्त्याला अंतर पुरत नाही. आकार न सांगता केलेली एक्स्टर्न घोषणा हीही काळजीची जागा. आकार माहीत नसेल तर कंपायलरने तो मोठाच धरावा. एलएलव्हीएम तसंच करतो.

लिंकरची ‘रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट’ ही तक्रार आली की कुठल्या सेक्शनकडे बोट आहे ते पाहायचं. बीएसएसकडे (शून्याने सुरू होणाऱ्या डेटाकडे) असेल तर कोड मॉडेलचा प्रश्न. डीबग-इन्फोकडे असेल तर कोड मॉडेल बदलून काडीचाही उपयोग नाही: तो ३२ बिट ड्वार्फ या डीबग माहितीच्या साच्याच्या ४ जीबी हद्दीचा प्रश्न आहे आणि त्याचा इलाज ६४ बिट ड्वार्फ किंवा डीबग माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढणं. या दोन्हींची गल्लत फार होते.

कर्नलसाठी एक्स८६-६४ वर ‘कर्नल’ नावाचंच मॉडेल आहे, पण त्या नावाला भुलू नये. त्याचा अर्थ एवढाच की सगळे सिम्बॉल पत्त्यांच्या सर्वात वरच्या २ जीबींत आहेत. ३२ बिटांची किंमत चिन्हासकट ओढली की पत्ता बरोबर येतो. लिनक्स कर्नल तिथेच बसतो, त्याची मॉड्यूलंही तिथेच ठेवावी लागतात. एखाद्याने आपला कर्नल वरच्या अर्ध्या भागाच्या सुरुवातीला ठेवला, तर तोही ‘वर’च आहे पण वरच्या २ जीबींत नाही, आणि हे मॉडेल तिथे चालणार नाही. तिथे स्मॉल आणि पीआयई ही जोडी किंवा मग लार्ज. म्हणून आम्ही हे डिफॉल्ट फक्त त्या बेअर-मेटल टार्गेटला दिलं ज्याची लिंकर स्क्रिप्ट आम्हीच पुरवतो. रेड झोन बंद करणं ही वेगळी गोष्ट आहे. इंटरप्ट आला की स्टॅक पॉइंटरखालचे ते १२८ बाइट पुसले जातात, आणि कर्नल मॉडेल निवडल्याने ते आपोआप टळत नाही. लिनक्सच्या मेकफाइलमध्ये दोन्ही पर्याय वेगवेगळे दिलेले दिसतात ते त्यामुळेच.

एआर्च६४ वर स्मॉल बरंच ऐसपैस आहे. एडीआरपी ४ केबीच्या पानांत मोजते आणि ४ जीबी मागेपुढे पोचते. खालचे १२ बिट पुढची इन्स्ट्रक्शन भरते. बीएल कॉलची पोच मात्र १२८ एमबीच, पण त्यापलीकडे लिंकर स्वतः मधला थंक (पुढे उडी मारणारा छोटा कोड) घालतो, म्हणून कॉलसाठी मॉडेल बदलावं लागत नाही. टायनी या सर्वात लहान मॉडेलमध्ये सगळा प्रोग्राम १ एमबीत बसला पाहिजे. लार्जमध्ये एलएलव्हीएम चार मूव्ह इन्स्ट्रक्शन काढतो, १६ बाइट. आणि जीसीसीत लार्ज पीआयसीबरोबर (कुठेही ठेवता येणाऱ्या कोडबरोबर) चालतच नाही.

इथे एक सापळा बूटलोडरवाल्यांचा. कोड स्वतःला रॅममध्ये दुसरीकडे हलवत असेल आणि हलवण्याचं अंतर ४ केबीच्या पटीत नसेल, तर एडीआरपीचं पान आणि खालचे १२ बिट यांचा मेळ बसत नाही. पत्ता थोडाच चुकतो, म्हणून लगेच पडतही नाही. भलती स्ट्रिंग छापली जाते, भलतंच व्हेरिएबल बदलतं. लिंकरला याची खबरच नसते, कारण लिंकच्या वेळी सगळं बरोबर असतं. तेव्हा हलवायचं ते ४ केबीच्या पटीतच. जाता जाता: कॉर्टेक्स-ए५३ च्या ८४३४१९ क्रमांकाच्या दोषात पानाच्या शेवटच्या दोन शब्दांतल्या एडीआरपीने चूक होऊ शकते, ती टाळण्यासाठी लिनक्सची मॉड्यूलं एके काळी लार्जमध्ये बांधली जात. डिफॉल्टाबाहेर जाण्याचं असंही कारण असतं.

पॉवरपीसीने आमचा एक समज मोडला. मॉडेल मोठं तर कोड हळू, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथे स्मॉलमध्ये टीओसीपर्यंतचं अंतर १६ बिटांचं, म्हणजे तक्ता ६४ केबीचा, आणि व्हेरिएबल वाचायला आधी तक्त्यातून त्याचा पत्ता वाचायचा, मग व्हेरिएबल. मेमरीकडे दोन फेऱ्या. मीडियममध्ये दोन इन्स्ट्रक्शनच्या ३२ बिट अंतराने आपल्याच बायनरीतल्या व्हेरिएबलपर्यंत थेट जाता येतं, तक्ता वाचावा लागत नाही. म्हणजे मोठं मॉडेल इथे उलट स्वस्त. ६४ बिट लिनक्सवर मीडियम आणि एआयएक्सवर स्मॉल, ही एलएलव्हीएमची डिफॉल्टं आम्ही जशीच्या तशी घेतली.

दहातल्या नऊ वेळा चालणारा प्रकार होता जिटचा. लिनक्सवर पीआयई प्रोग्राम साधारण हेक्स ५५ ने सुरू होणाऱ्या ४८ बिट पत्त्यांवर असतो आणि शेअर्ड लायब्ररी ७एफ ने सुरू होणाऱ्या. मधलं अंतर कित्येक टीबींचं. जिटने एमएमॅप या सिस्टीम कॉलकडून घेतलेलं पान योगायोगाने लायब्ररीजवळ पडलं तर ३२ बिट कॉल पोचते, नाहीतर नाही. म्हणूनच एलएलव्हीएम जिट असताना एक्स८६-६४ वर लार्ज धरतो, आणि एआर्च६४ वरही, विंडोज सोडून. विंडोजला चार मूव्हची ती मालिका रिलोकेट करता येत नाही. आम्ही दुसरा रस्ता घेतला: जिटलिंक (एलएलव्हीएमचा जिटसाठीचा लिंकर), पीआयसी आणि स्मॉल. आधी एक सलग मोठा पट्टा राखून ठेवायचा, जिटचा सगळा कोड आणि डेटा त्यातच ठेवायचा, आणि बाहेरच्या फंक्शनांसाठी त्याच पट्ट्यात गॉट आणि स्टब बनवायचे. प्रत्येक कॉल पाच बाइटांचीच राहते. पट्टा राखता आला नाही तर जिटने तिथेच थांबून तसं सांगायचं, नशिबावर सोडायचं नाही.

कोडमध्ये हे सगळं एकाच फंक्शनात बसवलं. टार्गेट, रिलोकेशन मॉडेल, जिट आहे की नाही आणि वापरणाऱ्याने दिलेली किंमत असली तर ती, एवढं घेऊन ते पक्कं मॉडेल परत देतं. टार्गेट मशीन तयार होतानाच ते बोलावलं जातं. ‘डिफॉल्ट’ अशी किंमत एनममध्ये ठेवलीच नाही. एलएलव्हीएममधूनही डिफॉल्ट आणि जिटडिफॉल्ट या किमती २०१७ साली काढून टाकल्या गेल्या, कारण कोडमध्ये मध्येच ‘डिफॉल्ट’ दिसलं तर ते अजून ठरायचं आहे की ठरलं आहे हे कळत नाही. टार्गेटला न चालणारं मॉडेल मागितलं तर चूक दाखवून थांबायचं. गुपचूप स्मॉलवर यायचं नाही. लार्जबरोबर एक्सेप्शनचे तक्तेही बदलावे लागतात: ईएच-फ्रेममधली चार बाइटांची सापेक्ष अंतरं आठ बाइटांची झाली नाहीत, तर कोड बरोबर चालतो आणि पहिलं एक्सेप्शन फेकलं की पडतो.

चाचण्यांसाठी मोठी मशीन लागत नाही. ३ जीबीचा स्टॅटिक अ‍ॅरे बीएसएसमध्ये ठेवला तर डिस्कवर त्याला जागा लागत नाही. त्याच्या पलीकडे एक व्हेरिएबल ठेवून स्मॉलमध्ये लिंक पडते आणि मीडियममध्ये होते, हे दोन्ही तपासायचं. पडायला हवं ते पडतं का, ही चाचणी तितकीच महत्त्वाची. रिस्क-फाइव्हला असेंब्लीत एलयूआय आहे की एयूआयपीसी ते पाहायचं आणि एक छोटी बायनरी क्यूईएमयूवर हेक्स ८००००००० ला चालवायची. प्रत्येक टार्गेटला हे तीनदा: पर्याय देऊन, न देता, आणि जिटमध्ये.

शेवटी एलटीओ, म्हणजे लिंकच्या वेळी होणारं ऑप्टिमायझेशन. एलएलव्हीएमच्या बिटकोडमध्ये (कोडच्या मधल्या रूपात) कोड मॉडेल मॉड्यूल फ्लॅग म्हणून लिहिता येतं, पण पर्याय दिला नसेल तर क्लँग हा एलएलव्हीएमचा सी कंपायलर तो लिहीत नाही. आम्हीही लिहीत नव्हतो. त्यामुळे डिफॉल्ट बदलल्यावर जुन्या बिटकोड आर्काइव्हमधला कोड, एक शब्द न बोलता, नव्या मॉडेलमध्ये निघाला असता. आता डिफॉल्ट असलं तरी फ्लॅग लिहितो, आणि दोन फाइल्सचे फ्लॅग जुळले नाहीत तर लिंकर दोन्ही फाइल्सची नावं घेऊन थांबतो. बिनफ्लॅगची जुनी आर्काइव्हं तेवढी पुन्हा बांधावी लागली.